रात्री नऊची गोळी

ब्लड कॅन्सर म्हटलं की अजूनही आपल्याला हिंदी सिनेमातला शेवटचा सीनच आठवतो ना? हिंजवडीत नोकरी, शनिवार पेठेत घर आणि पर्समध्ये लिपस्टिकशेजारी गोळ्यांची स्ट्रिप... माझा सिनेमा जरा वेगळा निघाला. इंटरव्हल झालंय, पुढचं अजून मलाही माहीत नाही!

तुमच्याही ऑफिसात दरवर्षी तो ‘हेल्थ चेकअप’ नावाचा सोहळा होत असेल. रिकाम्या पोटी यायचं, कॉन्फरन्स रूमच्या बाहेर रांग लावायची, रक्त द्यायचं आणि मग कंपनीच्या खर्चाने इडली-सांबार हाणायचं. ऑगस्ट २०१६ मध्ये मी खरं तर त्या इडलीसाठीच गेले होते. वय वर्षं पंचवीस, पहिलं प्रमोशन नुकतंच झालेलं, आणि डोक्यात एकच विचार – डिसेंबरात गोवा.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन. ‘‘मॅडम, सॅम्पल परत घ्यावं लागेल.’’ घेतलं. आकडा तोच आला. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात साधारण चार ते अकरा हजार. माझ्या होत्या १ लाख ८६ हजार. मला वाटलं, टायपिंग मिस्टेक आहे, एखादं शून्य जास्त पडलंय.

आता मागे वळून बघितलं की सगळं दिसतं. दोन पोळ्या खाणारी मी अर्ध्या पोळीतच ‘बास’ म्हणायला लागले होते. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड वाटायचं. रात्री घाम यायचा. पण पेठेतली घरं, एक पंखा, पावसाळ्यातली दमट हवा... घाम कुणाला येत नाही? एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या, मी त्या घेतल्याही. वजन चार किलो उतरलं तेव्हा तर मैत्रिणींनी डाएटचा फंडा विचारला!

हेमॅटॉलॉजिस्ट डॉक्टरबाईंनी मला टेबलवर झोपवून पोट दाबलं आणि माझाच हात धरून डाव्या बाजूला टेकवला. ‘‘ही तुमची प्लीहा. एवढी खाली यायचं हिला काही कारण नाही.’’ मग बोन मॅरोची तपासणी. कमरेच्या हाडातून सुईने मगज काढतात. दुखतं हो, उगाच कशाला खोटं सांगू. चार-पाच दिवसांनी नाव कळलं : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. सीएमएल.

फिलाडेल्फिया? म्हणजे मामेबहिणीकडे?

रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘फिलाडेल्फिया क्रोमोसोम पॉझिटिव्ह’. आईने चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘‘अगं, पण तू तर तिकडे गेलीच नाहीयेस.’’ आमची मामेबहीण तिथे असते. तिच्याकडून काही संसर्ग वगैरे आला की काय, ही शंका आईच्या मनात निदान एक दिवस तरी होती.

तर त्याचं असं आहे. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना फिलाडेल्फियात सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. गाव त्यांचं, म्हणून नाव गावाचं. ते आखूड का झालं, हे कळायला १९७३ उजाडलं. शिकागोच्या जेनेट राऊली घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून जुळवत बसायच्या. आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते, म्हणून मुलं चिडवायची! त्यांच्या लक्षात आलं की ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांनी आपापली टोकं अदलाबदल केली आहेत. त्या चुकीच्या जोडावर बीसीआर-एबीएल नावाचं नवंच जनुक तयार होतं, आणि ते जे प्रथिन बनवतं त्याचं बटण कायम ‘ऑन’. पेशींना एकच ऑर्डर : वाढा, वाढा, वाढा.

हे जन्मतः नसतं. आई-वडिलांकडून येत नाही, मुलांना जात नाही. अणुबॉम्बसारख्या मोठ्या किरणोत्साराचा संबंध सिद्ध झालाय, पण बहुतेकांच्या बाबतीत ‘का’ याला उत्तरच नाही. मला तर आयटीतली नाइट शिफ्ट, मायक्रोवेव्हमधलं जेवण, शनिवारी वीर मारुतीला न जाणं, इथपर्यंत सगळी कारणं सुचवून झाली. आणखी एक गोष्ट, जी या मासिकाच्या वाचकांनी नीट ऐकावी. पाश्चात्त्य देशांत हा आजार साधारण साठीच्या आसपास सापडतो. आपल्याकडे बरेच रुग्ण तिशी-चाळिशीतले असतात. म्हणजे होम लोनवाले, अप्रेझलवाले, स्थळं बघणारे. आजार तसा विरळाच, वर्षाला लाखात एखाद-दुसरा. पण तो एखाद-दुसरा कुणीतरी असतोच की.

मालकांच्या फ्रिजमधली इंजेक्शनं

आई रडली नाही. ती नुसती बसून राहिली आणि मग म्हणाली, ‘‘दादाला हेच होतं.’’

आता आमची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी वाडा होता. ओंकारेश्वराच्या बाजूला उतरणाऱ्या बोळात. खालच्या खोल्यांत एक दादा राहायचा. बँकेत नोकरीला होता, आम्हा पोरांना सुट्टीत कॅरम शिकवायचा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. त्याची इंजेक्शनं मालकांच्या फ्रिजमध्ये ठेवलेली असायची, कारण वाड्यात फ्रिज त्यांच्याकडेच होता. ‘हात लावायचा नाही’ अशी चिठ्ठी डब्यावर. इंजेक्शन घेतलं की त्याला थंडी वाजून ताप यायचा आणि आई त्याला गोधडी नेऊन द्यायची. ते होतं इंटरफेरॉन, हे मला पंधरा वर्षांनी कळलं.

त्या काळात दुसरं होतंच काय? एकोणिसाव्या शतकात डॉक्टर ल्युकेमियाला चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक, पाजायचे. १९५० च्या दशकात ब्युसल्फान आलं, मग हायड्रॉक्सीयुरिया. दोन्ही पेशींचा आकडा खाली आणायच्या, आजार मात्र आत तसाच. चार-पाच वर्षांत तो भडकायचा. इंटरफेरॉनने काही जणांना जास्त वर्षं दिली. पूर्ण बरं व्हायचा रस्ता एकच, बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट. आपल्या देशातलं पहिलं ट्रान्सप्लान्ट मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात १९८३ मध्ये झालं होतं, पण त्याला जुळणारा भाऊ किंवा बहीण हवी. दादाची बहीण जुळली नाही.

आणि आता तारखा बघा. अमेरिकेत ओरेगनला ब्रायन ड्रुकर नावाचे डॉक्टर १९९८ पासून रुग्णांवर एक नवी गोळी वापरून बघत होते. ती त्या चुकीच्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि बटण ‘ऑफ’ करते. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मल झालं! मे २००१ मध्ये अमेरिकेने इमॅटिनिबला मान्यता दिली, त्याच महिन्यात ती ‘टाइम’च्या कव्हरवर झळकली. दादा गेला त्या वर्षीच्या गणपतीनंतर.

त्यामुळे डॉक्टरबाई मला म्हणाल्या, ‘‘रोज एक गोळी. ४०० मिलिग्रॅम. जेवणाबरोबर, मोठा ग्लासभर पाणी. ऑफिस चालू ठेवा,’’ तेव्हा मी आईकडे बघितलं. तिचा विश्वास बसत नव्हता. बाहेर आल्यावर तिने विचारलं, ‘‘बाकीचं काय, ते नंतर सांगणारेत का?’’

बाकीचं काही नव्हतं. तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशी नऊ हजारांवर आल्या. डिसेंबरात मी गोव्याला गेले.

गोळीची किंमत

केमिस्टने पहिलं बिल दिलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. पण महिन्याला काही हजारच झाले. ते तेवढेच का झाले, याच्यामागे एक सॉलिड कोर्टकेस आहे, आणि तिच्यात एक मुंबईची संस्था आहे.

स्विस कंपनी नोव्हार्टिसची ‘ग्लिवेक’ ही मूळ गोळी. तिचा महिन्याचा खर्च होता सुमारे १ लाख २० हजार रुपये. भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत. नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नईत पेटंटसाठी अर्ज केला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये तिला भारतात एकटीनेच विकण्याचा हक्क मिळाला आणि बऱ्याच देशी गोळ्या दुकानांतून गायब झाल्या. तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पुढे आली. पेटंट देऊ नये म्हणून पाच जणांनी हरकत घेतली, त्यातल्या चार औषध कंपन्या होत्या आणि पाचवी ही रुग्णांची संस्था. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. मग मद्रास हायकोर्ट, अपील बोर्ड, आणि शेवटी सुप्रीम कोर्ट. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला : पेटंट नाही.

मुद्दा मजेशीर होता. कंपनी म्हणत होती, आम्ही त्याच औषधाचा नवा स्फटिक बनवलाय, तो शरीरात ३० टक्के जास्त शोषला जातो. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं, जुन्याच पदार्थाचं नवं रूप दाखवून पेटंट मिळणार नाही, गुण वाढला असेल तरच. कोर्ट म्हणालं, गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. तो वाढल्याचं दाखवा. ते दाखवता आलं नाही. कंपनीच्या बाजूनेही सांगायला हवं, की तिच्या योजनेतून हजारो भारतीय रुग्णांना गोळी फुकट मिळत होती. पण फुकट देणारा उद्या हात आखडता घेऊ शकतो, असं माझं मत. दुकानातली परवडणारी स्ट्रिप मला जास्त भरवशाची वाटते. आज ती २०१३ पेक्षाही बरीच स्वस्त आहे. आमच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये ‘ॲडमिट झालात तर’ पैसे होते, रोजच्या गोळीला नव्हते. एक लाख वीस हजार असते तर? माझा तेव्हाचा पगार सांगत नाही, पण त्यात अडीच-तीन महिने लागले असते एका महिन्याच्या गोळ्यांना!

चेहरा सुजतो, ब्लश ऑन लागत नाही

साइड इफेक्ट्स? आहेत ना. सकाळी डोळ्यांखाली सूज, जणू रात्रभर रडलेय. पोटऱ्यांत रात्री गोळे. सुरुवातीला मळमळ. आणि त्वचा उजळते! शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘काय गं, छान गोरी झालीस, काय लावतेस?’’ मी म्हटलं, ‘‘केमो, काकू.’’ बोलून गेले आणि त्यांचा चेहरा बघून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या गव्हांकुराचा रस घेऊन आल्या. डॉक्टरबाईंचा नियम स्पष्ट होता : काढा, चूर्ण, रस, काहीही घ्यायच्या आधी मला विचारा, काही गोष्टींनी गोळीचं रक्तातलं प्रमाण कमी-जास्त होतं. तो रस मी तुळशीला घातला. तुळस जोरात आहे.

पण खरी परीक्षा दर तीन महिन्यांनी. पीसीआर नावाची रक्ततपासणी, जिच्यात बीसीआर-एबीएल किती टक्के उरलंय ते कळतं. तीन महिन्यांत दहाच्या खाली, सहा महिन्यांत एकच्या खाली, वर्षात ०.१ च्या खाली. आपल्या अप्रेझलपेक्षा कडक टार्गेट्स! मी पहिल्या वर्षी ०.०६ वर आले आणि डोक्यात हवा गेली.

२०१८ मध्ये ऑनसाइटला गेले. टाइम झोन बदलला, रात्री नऊचे सकाळचे साडेअकरा झाले, त्या वेळेला मीटिंग. एखादी गोळी राहिली, मग दोन. बरं तर वाटतंय! चार महिन्यांनी पुण्यात परत आले तेव्हा रिपोर्ट ०.४. डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधला २०१० चा अभ्यास पुढे ठेवला. त्यांनी ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत चिप बसवून मोजलं होतं, की खरंच किती गोळ्या घेतल्या जातात. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त घेतल्या, त्यांच्यात चांगला रिझल्ट मिळण्याची शक्यता ९४ टक्के. ज्यांनी कमी घेतल्या, त्यांच्यात २८. ‘‘महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की तुम्ही दुसऱ्या गटात,’’ त्या म्हणाल्या. त्या दिवशी मोबाइलमध्ये रात्री नऊचा अलार्म लागला.

त्याच भेटीत ‘हे चाललं नाही तर काय’ हा तास झाला. इमॅटिनिबनंतरच्या गोळ्या आहेत. डॅसॅटिनिब २००६ मध्ये आली, ती जोरदार, पण कधीकधी फुप्फुसांभोवती पाणी साठतं. तिचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपलं. निलोटिनिब दिवसातून दोनदा आणि उपाशीपोटी, हृदय आणि शुगर सांभाळून. बोसुटिनिबला पोट बिघडतं. जनुकात टी३१५आय नावाचा बदल झाला तर या सगळ्या फेल, तेव्हा पोनाटिनिब, तिच्यात रक्तवाहिन्यांत गुठळ्यांची भीती. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली असिमिनिब त्या प्रथिनाच्या वेगळ्याच खाचेत बसते. आणि ट्रान्सप्लान्ट आता शेवटच्या रांगेत, गोळ्या हरल्या किंवा आजार भडकला तरच. कुणाला कोणती, हे नुसत्या ताकदीवर ठरत नाही. वय, हृदय, शुगर, खिसा, पुढचे प्लॅन्स, सगळं बघून ठरतं. माझी म्युटेशन टेस्ट क्लीन आली, जुनीच गोळी चालू राहिली, आणि अलार्मच्या कृपेने आकडा परत उतरला. लॉकडाऊनमध्ये सुद्धा एकही गोळी चुकली नाही. नवरा, जो तेव्हा नवरा नव्हता, स्कूटरवरून तीन केमिस्ट पालथे घालायचा.

त्याचं सांगायचं राहिलं. चहा-पोह्यांच्या काळात मी पहिल्याच भेटीत सांगून टाकायचे. एका स्थळाच्या आई म्हणाल्या, ‘‘दिसत नाही हो तसं!’’ आणि पुन्हा फोन आला नाही. हा सांगलीचा मुलगा मात्र म्हणाला, ‘‘रोज एकच? आमच्या बाबांना बीपी-शुगरच्या चार आहेत.’’ २०२१ मध्ये लग्न झालं. तो आमच्याकडेच राहायला आला, आईला सोडून मी जाणार नव्हते.

गोळी आणि बाळ

आणि मग तो प्रश्न आला, जो सगळ्या पेठेला विचारायचा असतो. ‘गुड न्यूज कधी?’

इमॅटिनिब चालू असताना आई होता येत नाही. गर्भ राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत बाळात दोष निर्माण होण्याचा धोका आहे. बाप होणाऱ्या पुरुषांना सहसा गोळी बंद करावी लागत नाही, हे ऐकून मी नवऱ्याकडे जळजळीत बघितलं. त्याचा काय दोष!

पण आता एक दार आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रान्सच्या डॉक्टरांनी ज्यांच्या रक्तात आजार सापडेनासाच झाला होता, अशा रुग्णांची गोळी थांबवून बघितली. सुमारे चाळीस टक्क्यांचा आजार परत आला नाही. नंतरच्या अभ्यासांतून हा आकडा पन्नासच्या आसपास गेला. ज्यांचा परत आला त्यातल्या बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच आला, आणि गोळी परत सुरू केल्यावर जवळपास सगळ्यांचा पुन्हा काबूत आला. अट अशी, की काही वर्षं गोळी घेतलेली असावी, रिपोर्ट सलग दोन-तीन वर्षं ०.०१ च्या खाली असावा, आणि दर महिन्याला पीसीआर करता यावी. प्लीज, हे वाचून कुणी आपल्या मनाने स्ट्रिप फेकू नका. मी नऊ वर्षांहून जास्त घेतली, शेवटची पाच वर्षं आकडा ०.०१ च्या खाली, तेव्हा कुठे डॉक्टरबाई ‘बघू या’ म्हणाल्या.

यंदा संक्रांतीला थांबवली. पहिल्या महिन्यात खांदे आणि गुडघे असे धरले की मी घाबरून फोन केला. गोळी थांबवल्यावर बऱ्याच जणांचं अंग असं दुखतं म्हणे, आपोआप जातं. गेलं. पहिला रिपोर्ट : सापडलं नाही. दुसरा : सापडलं नाही. तिसरा : ०.००८.

०.१ झालं तर गोळी परत. ०.००८ म्हणजे अजून बाराएक पट लांब, नवऱ्याने एक्सेल शीट करून दाखवलं. मला एक्सेल नकोय. मी आजही इंजिनिअर असून त्या आकड्याकडे आईसारखीच बघते.

सहा महिने नीट गेले तर आम्ही प्रयत्न करू. मग मी विचारलं, दिवस गेल्यावर आकडा चढला तर? त्या वेळी गोळी नाही घेता येणार, मग काय? डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘थोडा चढला तर नुसतं लक्ष ठेवू. जास्त चढला तर एक जुनं औषध आहे, ते बाळापर्यंत पोहोचत नाही असं मानतात. इंटरफेरॉन. इंजेक्शन असतं, फ्रिजमध्ये ठेवायचं.’’

आई माझ्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही. रिक्षात मात्र नदीपात्राकडे बघत म्हणाली, ‘‘आपला फ्रिज मोठा आहे तसा. दाराच्या कप्प्यातली लोणची काढली की बसेल.’’

परवा चौथं सॅम्पल देऊन आले. रिपोर्टला आठवडा लागतो. अलार्म मी अजून काढलेला नाही. काल नऊला तो वाजला आणि आई सवयीने स्वयंपाकघरातून पाण्याचा मोठा ग्लास घेऊन आली. दारात आल्यावर तिला आठवलं. मग तिथेच उभं राहून तिने ते पाणी पिऊन टाकलं आणि ग्लास विसळायला गेली.